गाण्याची शाळा काढणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर



आमच्या घरी एक पेटी आहे. कपड्यांची नव्हे, वाजवायची पेटी. ती माझ्या आबांची आहे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. गावच्या भजनी मंडळात तेच पेटी वाजवतात. एकादशीला देवळात भजन असतं तेव्हा पखवाजाला दोघंतिघं आहेत, टाळ तर सगळेच वाजवतात, पण पेटीला आबा एकटेच. गावातली तरणी मंडळी कामाला पुण्याला नाहीतर शिरवळला जातात. आबांना आता डोळ्यांनी कमी दिसतं. मागे एकदा देवळात बोलणं निघालं की, आबांच्या मागे पेटी कोण वाजवणार. तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मी तिथे प्रसाद वाटत होते. घरी आल्यावर मी आबांना सांगितलं की मी शिकते.

मला वाटलं, आठ दिवसांत अभंग येईल. पण आबांनी पहिले आठ दिवस मला तीनच पट्ट्या दिल्या. सा रे ग, ग रे सा. बस्स. पुढे जाऊच देईनात. मी तर मैत्रिणींना सांगून बसले होते की १५ ऑगस्टला शाळेची प्रार्थना मी पेटीवर वाजवणार. एके दिवशी मला इतका राग आला की मी पेटीचं झाकण आपटलं आणि तशीच रडत शाळेत आले. गुरुजींनी विचारलं म्हणून सगळं सांगितलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून दिलं. ऑगस्टच्या भित्तिपत्रकासाठी या माणसाचं चरित्र तूच लिही, असं त्यांनी मला सांगितलं. ते चरित्र मी वाचलं आणि आता माझ्या शब्दांत लिहिते.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड या गावी झाला. कुरुंदवाड कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तिथून जवळच नरसोबाची वाडी आहे, जिथे कृष्णा आणि पंचगंगा या नद्या मिळतात. त्या काळी आपल्या भोरसारखं कुरुंदवाडलाही संस्थान होतं. विष्णूच्या घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पण ते पलूस गावचे म्हणून पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. त्यामुळे गाणं, टाळ आणि देवाचं नाव हे विष्णूच्या कानावर लहानपणापासूनच पडत होतं.

विष्णू शाळेत जात होता. सगळं नीट चाललं होतं. पण लहान असतानाच एका उत्सवात दारूकामाच्या वेळी फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला. दोन्ही डोळ्यांना इजा झाली. त्याला मिरजेला नेलं, औषधोपचार केले, पण नजर अधू झाली ती झालीच. पुस्तकावरची अक्षरं नीट दिसेनात. म्हणजे शाळा सुटली. मित्रांनो, आपल्याला एखाद्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली तर किती आनंद होतो. पण कायमची शाळा सुटली तर कसं वाटेल? आईवडिलांना केवढी काळजी पडली असेल, की हा मुलगा पुढे काय करील आणि कसा जगेल.

डोळे गेले तरी कान होते आणि गळा होता. तेव्हा त्याला गाणं शिकवायचं ठरलं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर नावाचे फार मोठे गवई होते. ते स्वतः तरुणपणी गाणं शिकण्यासाठी लांब ग्वाल्हेरला गेले होते. तिथे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. अशा गुरूंच्या हाताखाली विष्णू राहिला. मिरजेच्या राजेसाहेबांनीही त्याला आश्रय दिला.

त्या काळी गाणं शिकणं फार कठीण होतं. आपल्याला जशी पहिली, दुसरी, तिसरी अशी इयत्ता असते तशी गाण्याला नव्हती. गुरूंच्या घरी राहायचं, त्यांची सेवा करायची, पडेल ते काम करायचं, आणि गुरूंच्या मनात येईल तेव्हा ते जे गातील ते ऐकून घोकायचं. आज काय शिकणार आणि उद्या काय, हे शिष्याला ठाऊक नसे. पुष्कळ गवई आपली विद्या आपल्या घरापुरती जपून ठेवत. स्वर लिहून ठेवण्याची पद्धत फारशी चालत नव्हती. त्यामुळे एखादा गवई वारला की त्याच्या गळ्यातल्या चिजाही त्याच्याबरोबर जात. मला हे वाचताना आमच्या आबांची पेटी आठवली.

विष्णूने तंबोरा घेऊन पहाटे उठून रियाज केला. पुष्कळ वर्षे केला. तो एकदम गवई झाला नाही. आधी एक सा लावायला शिकला, मग दुसरा स्वर. हळूहळू त्याचा आवाज तयार झाला आणि लोक त्याला विष्णुबुवा म्हणू लागले.

१८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. तेव्हा त्यांचं वय चोवीस वर्षांचं होतं. राजाच्या दरबारात बसून गायले असते तर त्यांचं पोट सुखाने भरलं असतं. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. गाण्याला लोक वाहवा करत, पण गाणाऱ्याला मान देत नसत. चांगल्या घरातल्या मुलांनी, त्यातून मुलींनी, गाणं शिकायचं म्हटलं की लोक नाकं मुरडत. हे बदलायचं असं विष्णुबुवांनी मनाशी ठरवलं. ते गावोगाव फिरत निघाले. सातारा, बडोदा, सौराष्ट्र असं करत ते उत्तरेकडे गेले. त्यांनी तिकीट लावून गाण्याचे जलसे केले. म्हणजे राजाच्या बोलावण्याची वाट न बघता कोणीही तिकीट काढून गाणं ऐकू शकत होता. गाणं राजवाड्यातून बाहेर लोकांत आलं.

फिरता फिरता ते लाहोरला पोचले. लाहोर आता पाकिस्तानात आहे. तेव्हा आपला देश एकच होता आणि इंग्रजांचं राज्य होतं. आपल्या भोरपासून ते किती दूर आहे ते गुरुजींनी नकाशात दाखवलं. नकाशावर माझी वीत पुरली नाही. तिथली भाषा निराळी, जेवण निराळं, थंडी कडाक्याची. डोळ्यांनी नीट दिसत नाही. अशा ठिकाणी ५ मे १९०१ रोजी विष्णुबुवांनी गाण्याची शाळा काढली. तिचं नाव गांधर्व महाविद्यालय. ही शाळा कोण्या एका राजाच्या पैशावर नव्हती. लोकांनी दिलेल्या वर्गणीवर आणि जलशांच्या पैशावर ती चालायची.

असं सांगतात की सुरुवातीला त्या शाळेत एकही विद्यार्थी येईना. विष्णुबुवा रोज वेळेवर शाळा उघडत, तंबोरा घेऊन बसत आणि एकटेच गात. शाळेची वेळ संपली की बंद करत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. विद्यार्थी नाही म्हणून त्यांनी शाळेला सुट्टी दिली नाही. मग हळूहळू एक आला, दोन आले आणि शाळा भरली. मी इथपर्यंत वाचलं तेव्हा मला पेटीचं झाकण आपटल्याची लाज वाटली. त्यांना शिकायला कोणी नव्हतं तरी ते बसले होते. मला शिकवायला घरातच आबा होते तरी मी उठून गेले.

आता त्यांनी सगळ्यात मोठं काम काय केलं ते सांगते. त्यांनी गाण्याचे लहान लहान भाग केले. आपण भाताची लावणी करतो तेव्हा पूर्ण खाचर एकदम लावून होत नाही. आधी राब भाजतात, मग तरवा उगवतो, मग चिखलणी, आणि मग एक एक मूठ घेऊन वाकून लावत मागे सरकायचं. मान वर करून उरलेलं खाचर बघत बसलं तर कंबर जास्तच दुखते, असं माझी आई सांगते. विष्णुबुवांनी गाण्याचं तसंच केलं. पहिल्या वर्षी एवढं, दुसऱ्या वर्षी तेवढं, असा अभ्यासक्रम ठरवला. वर्ग केले, वेळापत्रक केलं, परीक्षा ठेवल्या. स्वर कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धत तयार केली. लहान मुलांसाठी सोपी पुस्तकंसुद्धा काढली. म्हणजे ज्याच्या घरी गवई नाही त्यालाही पहिली पायरी सापडू लागली. ज्यांना फी परवडत नसे अशी काही मुलं त्यांच्याकडेच राहत, जेवत आणि शिकत. त्यांनी पुढे शिक्षक व्हायचं असं असे.

त्याच काळात मुंबईत आणखी एक पंडित होते, विष्णु नारायण भातखंडे. त्यांचा जन्म १८६० सालचा. ते वकील होते. तेही गावोगाव फिरले, जुन्या गवयांकडून चिजा मिळवल्या आणि त्या स्वरांसह लिहून छापल्या. त्यांच्या पुस्तकांचं नाव क्रमिक पुस्तक मालिका. तिचे सहा भाग आहेत. क्रमिक म्हणजे क्रमाने, पायरीपायरीने. दोघांचं नाव विष्णू आणि दोघांचा ध्यास एकच. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ मारतात आणि खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब देतात. आमच्या आबांच्या वहीत अशा रेघा आणि टिंबं आहेत. मला आधी वाटायचं की ती शाई सांडली आहे.

१९०८ साली विष्णुबुवांनी मुंबईला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तिथेही खूप विद्यार्थी आले. शाळेसाठी मोठी इमारत झाली. पण इमारतीसाठी कर्ज काढावं लागलं होतं. विष्णुबुवा जलसे करून पैसे आणत आणि कर्ज फेडत. तरी ते काही फिटलं नाही. शेवटी ती इमारत लिलावात गेली. ज्या माणसाने आयुष्यभर गाऊन मिळवलेला पैसा शाळेत घातला, त्याची शाळाच गेली. हे वाचून मला फार वाईट वाटलं. घरीही दुःख होतं. त्यांची पुष्कळ मुलं लहानपणीच वारली. दत्तात्रेय नावाचा एकच मुलगा राहिला. त्याचा जन्म १९२१ सालचा. विष्णुबुवा पुढे नाशिकला आश्रमात राहिले आणि रामनामात रमले.

पण त्यांचं गाणं थांबलं नाही. काँग्रेसच्या अधिवेशनात ते वंदे मातरम् गात. गांधीजींच्या प्रार्थनेतली जी रामधून आपण शाळेत २ ऑक्टोबरला म्हणतो, तिची चाल त्यांचीच असं मानतात. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात गाणं शिकवत. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला पायी निघाले, तेव्हा खरेही त्यांच्याबरोबर चालत होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला विष्णुबुवांचं निधन झालं. एकोणसाठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. ज्या मिरजेत त्यांनी पहिला सा लावला तिथेच त्यांचा आवाज थांबला. तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. म्हणजे आत्ता मी आहे तेवढा.

आता मला या चरित्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. वडील गेले, इमारत तर आधीच गेली होती. मग दत्तात्रेयाला गाणं कोणी शिकवलं? विष्णुबुवांच्या शिष्यांनी. विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास हे दोघे विष्णुबुवांकडे शिकले होते. विनायकबुवांनी १९३२ साली आपल्या पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वडिलांनी शिष्यांना जे पायरीपायरीने दिलं होतं, ते शिष्यांनी पायरीपायरीने मुलाला परत दिलं. दत्तात्रेय पुढे मोठा गवई झाला. लोक त्यांना डी. व्ही. पलुसकर म्हणून ओळखतात. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमात ते उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर गायले आहेत. आबांनी ते रेडिओवर ऐकलं आहे. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. पण त्यांचं गाणं अजून ऐकायला मिळतं.

विष्णुबुवांच्या शिष्यांनी मिळून १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आजही ते मंडळ परीक्षा घेतं. पहिली परीक्षा प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद आणि सगळ्यात वर अलंकार. गाण्याची, तबल्याची आणि पेटीचीही परीक्षा असते. १९७३ साली सरकारने विष्णुबुवांचं चित्र असलेलं टपाल तिकीट काढलं. इमारत लिलावात गेली, पण पायऱ्या कोणाला लिलावात काढता आल्या नाहीत. मुलं अजून त्याच पायऱ्या चढत आहेत.

गुरुजींनी मला मोबाईलवर पियानोही दाखवला. पियानो इटली देशात सुमारे १७०० साली क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने बनवला. त्यात तारा असतात आणि पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर पडते. पेटीत तारा नसतात. भात्याने वारा भरला की पितळेच्या पातळ पत्त्या थरथरतात आणि सूर निघतो. पेटीही परदेशातूनच आली, पण भजनात बसून बसून ती आपली झाली. मोठ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात. आमच्या पेटीला ३९ आहेत, २३ पांढऱ्या आणि १६ काळ्या. मी मोजल्या. पण गंमत अशी की दोन्हीकडे पट्ट्यांची मांडणी एकच. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, मिळून बारा. पांढरी एकला सा धरला की सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. चार कोमल आणि एक तीव्र म काळ्यांवर. म्हणजे ज्याला आबांच्या तीन पट्ट्या नीट आल्या, त्याला पियानोच्याही पहिल्या तीन पट्ट्या ओळखीच्या वाटतील.

चरित्र वाचून झालं त्या संध्याकाळी मी आबांच्या पुढ्यात जाऊन बसले. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी भाता सोडला आणि माझं बोट धरून सा वर ठेवलं. आता माझा अभ्यास असा चालतो. एका दिवशी एकच गोष्ट. आधी नुसता डाव्या हाताने भाता हलवायचा, सूर तुटू द्यायचा नाही. मग सा रे ग तीन बोटांनी वाजवायचं, आणि अंगठा बोटांच्या खालून नेऊन म वर ठेवायचा. हा अंगठा मला फार छळतो. मग अलंकार. सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां. असे सहा तुकडे. एक तुकडा दहा वेळा बिनचूक आला तरच पुढचा. नाही आला तर उद्या पुन्हा तोच. मग तेच डोळे मिटून. आबा पट्ट्यांकडे बघत नाहीत, त्यांना दिसतही नाहीत, तरी त्यांचं बोट चुकत नाही. विष्णुबुवांचंही असंच असेल असं मला वाटतं.

मागच्या वर्षी आम्ही वेल्ह्यावरून तोरणा चढलो होतो. तोरणा १४०३ मीटर उंच आहे. पायथ्यावरून वर बघितलं तर माझे पाय गळाले होते. गुरुजींनी वर बघू दिलं नाही, पुढच्या दगडाकडे बघायला लावलं. एक दगड, मग दुसरा, असं करता करता आम्ही बिनी दरवाजातून आत गेलो. पेटीचंही तसंच आहे, हे मला आता कळलं.

मित्रांनो, मी कबूल करते की १५ ऑगस्टला मी सगळी प्रार्थना वाजवणार नाही. मला अजून तेवढी येत नाही. मी फक्त धृपद वाजवणार आहे. पुढचं आबा वाजवतील. मी त्यांच्या शेजारी बसून भाता हलवीन. पालकांना माझी विनंती आहे की त्या दिवशी जरूर यावं, आणि मी चुकले तरी हसू नये. पुढच्या वर्षी मी दोन कडवी वाजवीन. त्याच्या पुढच्या वर्षी बहुतेक सगळी.

आणि देवळात आता पुन्हा कोणी विचारलं की आबांच्या मागे पेटी कोण वाजवणार, तर मी प्रसादाचं ताट खाली ठेवून हात वर करणार आहे.

ज्यांची नजर अधू होती तरी ज्यांनी लाखो मुलांना गाण्याची वाट दाखवली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांना माझे कोटी कोटी प्रणाम.

इयत्ता ४ थी